एका क्लॅपवरची दोन नावं

मित्रांनो, मी एक जुना क्लॅप आहे. शूटिंग पाहायला तुम्ही कधी गेला असाल, तर कॅमेऱ्यासमोर काळी पाटी धरून तिच्यावरची पट्टी खाडकन आपटणारं कुणीतरी तुम्हाला दिसलं असेल. ती पाटी म्हणजे मी. माझ्या अंगावर सिनेमाचं नाव असतं, दिग्दर्शकाचं नाव असतं, आणि सीन कितवा, टेक कितवा हे खडूनं लिहिलेलं असतं. टेक म्हणजे एकच दृश्य पुन्हा पुन्हा करून घेण्याची खेप. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी कुणाबद्दल वाईट बोलायचं नसतं, म्हणतात. मला ते जमणार नाही. आठ वर्षं माझ्या मनात एका माणसाबद्दल राग होता, आणि गोठ्यातल्या ओलीत मी कुजलो नाही तो त्या रागामुळंच, असं मला अजून वाटतं.

माझा जन्म मुळशी तालुक्यातल्या कोळवणचा. भाताच्या खाचरांना लागून पुण्यातल्या एका डॉक्टरांनी बंगला बांधला होता, आणि त्या बंगल्यात सासूसुनांच्या एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं होतं. पहिल्याच सकाळी युनिटचा क्लॅप टेम्पोच्या चाकाखाली आला. दुसरा मुंबईहून यायला दोन दिवस लागणार होते. तेव्हा पायात रबरी बूट घातलेली एक सडपातळ मुलगी विचारत विचारत नरहरी सुताराच्या पडवीत आली. तिचं नाव मृण्मयी इंगळे. वडिलांना पिरंगुटच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून हे कुटुंब बुलढाण्याहून येऊन भुकूमला भाड्यानं राहत होतं. मृण्मयी या मालिकेची सहायक दिग्दर्शक होती.

"काका, एक पाटी हवीय," ती म्हणाली. "वर जबड्यासारखी पट्टी, उघडझाप होणारी. आवाज मोठा आला पाहिजे."

"कशाला गं? रानातली पाखरं हाकलायला?" नरहरीनं विचारलं.

"तसंच समजा."

नरहरीनं खिडकीच्या चौकटीतून उरलेलं सागवान काढलं, जुन्या ट्रंकेची बिजागरी बसवली आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग पुरता वाळलाही नव्हता तोवर मला कॅमेऱ्यासमोर धरण्यात आलं. माझा पहिला आवाज झाला तेव्हा कानावर हेडफोन लावून बसलेला साउंडवाला हसला. "मुंबईच्या क्लॅपला असा टोकदार आवाज नाही," तो म्हणाला. ते कौतुक मी जन्मभर जपलं.

त्या मालिकेचे दिग्दर्शक होते दिग्विजय सरनोबत. दिसायला देखणे, बोलणं मऊ, कपड्यांना उंची अत्तराचा वास. सेटवरच्या चहावाल्यालाही ते नावानं हाक मारत, म्हणून सगळ्यांना ते फार चांगले वाटत. मलाही वाटले. पण ते दुपारी बारा-साडेबाराला यायचे, एक सीन घ्यायचे आणि आपल्या गाडीत जाऊन बसायचे. बाकीचे सीन मृण्मयी घ्यायची. रोज बावीस मिनिटांचं चित्रण पुरं व्हायला हवं, म्हणजे दिवसाला बारा-तेरा सीन. कोणत्या नटीला आधी रडवून घ्यायचं, ढग आले तर कोणता सीन आत घ्यायचा, तीन पानांचा संवाद नट विसरला तर तो दोन ओळींत कसा बसवायचा, हे सगळं ती मालिकेच्या चार वर्षांत शिकली. संध्याकाळी दिग्विजय सर तिच्या पाठीवर थोपटून म्हणायचे, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त असतो बघ." आणि ती खूश व्हायची. तेवढ्यावर ती खूश व्हायची, याचा मला आज राग येतो.

बंगल्याच्या शेजारी रत्नाबाईंचं घर. कोळवणची जुनी शेतकरी बाई, नवरा गेलेला, चार गाई आणि सात खाचरं एकटीनं सांभाळणारी. गावाचं दूध गोळा करायचं केंद्र तिच्या पडवीत होतं. जेवणाच्या सुट्टीत मृण्मयी तिथं जाऊन बसायची आणि मला मांडीवर ठेवायची. लोक किटल्या घेऊन यायचे, यंत्र दुधातली फॅट सांगायचं, आणि फॅट साडेतीनच्या खाली भरली की रत्नाबाई सगळ्यांसमोर ओरडायची, "पानी घातलंयस व्हय रं? ने माघारी!" ते ऐकता ऐकता मृण्मयीला एक गोष्ट सुचली. हिंजवडीच्या कंपनीतला एक मुलगा हौसेनं गाय घेतो. दूध केंद्रावरची मुलगी त्याचं दूध रोज परत पाठवते. तो रोज येतो. तिला भेटायला येतो की दूध घालायला, हे त्यालाही कळेनासं होतं. सिनेमाचं नाव तिनं तिथंच माझ्या पाठीवर खडूनं लिहिलं: "फॅट साडेतीन."

दयानंद नावाच्या निर्मात्याला गोष्ट आवडली. एका अटीवर तो तयार झाला. मुलगी नवी आहे, तेव्हा मार्गदर्शक म्हणून दिग्विजय सरांनी पाठीशी उभं राहायचं. सर लगेच हो म्हणाले. अडतीस दिवसांचं शूटिंग ठरलं, आणि पहिल्या दिवसाआधी मृण्मयी मला घेऊन पुन्हा नरहरीच्या पडवीत गेली. नरहरीनं पांढऱ्या ऑइलपेंटनं, एकेक अक्षर जपत, माझ्या अंगावर लिहिलं: दिग्दर्शन, मृण्मयी इंगळे. खडू पुसला जातो, मित्रांनो. ऑइलपेंट पुसला जात नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

एकतीस दिवस मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. सेटवर लोक हसायचे. कॅमेरामन हसू आवरेना म्हणून तोंडात रुमाल कोंबायचा. रोजच्या पहिल्या शॉटआधी मृण्मयी आपल्या नावाच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवायची, कुणाला दिसणार नाही असा.

एकतिसाव्या दिवशी, उतरत्या उन्हात शेवटचा शॉट मिळावा म्हणून ती ओल्या बांधावरून पळाली आणि खाचरात घसरली. पाय दोन ठिकाणी मोडला. गावच्या जीपमध्ये घालून तिला पुण्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यातून फोन केला. मी टेबलावरच होतो. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सर, तीन आठवडे थांबू या का? मी खुर्चीत बसून घेईन सीन."

"तू झोप बघू," सर म्हणाले. आवाज लोण्यासारखा. "मी आहे ना? सिनेमा तुझाच आहे."

फोन ठेवला आणि त्यांनी कला विभागाच्या माणसाला बोलावलं. "त्या क्लॅपवरचं नाव खरवडून घे. माझं टाक. पोस्टरवरही तेच जाणार आहे." त्या माणसानं मला नरहरीकडं नेलं. नरहरीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या हातचं हाय त्ये. म्या न्हाई खरवडनार." मग पौडच्या एका बोर्ड रंगवणाऱ्यानं पत्र्याच्या तुकड्यानं माझं अंग घासलं. लाकडाला दुखत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मी त्यावर काही बोलत नाही. तिच्या नावावर काळा हात मारला गेला आणि त्यावर लिहिलं गेलं: दिग्दर्शन, दिग्विजय सरनोबत.

खरं तेवढं सांगतो. पुढचे सात दिवस सरांनीच घेतले. शेवटचा सीनही त्यांनीच घेतला. मुलगी यंत्राकडं न बघताच "फॅट साडेतीन" म्हणते आणि मुलाचं दूध ठेवून घेते, तो. लोकांना तोच सीन सगळ्यात जास्त आवडला. लिहिला मृण्मयीनं होता, ओळ अन् ओळ. घेतला सरांनी.

शूटिंग संपल्यावर मला कुणीतरी खाचराच्या कडेला फेकून दिलं. रत्नाबाईनं उचललं आणि गोठ्यात नेलं.

सिनेमा गाजला. मृण्मयी कुबड्या घेऊन थिएटरात गेली. पडद्यावर नावं आली तेव्हा तिचं नाव वेशभूषेच्या आणि रंगभूषेच्या खाली होतं, सहायकांच्या यादीत, तिसरं. हे मला कसं कळलं? ती त्यानंतर रत्नाबाईकडं आली आणि गोठ्यात गाईच्या पाठीवर डोकं टेकून सगळं सांगून गेली. ती सरांना विचारायला गेली होती. सर चिडले नाहीत. उलट त्यांना वाईट वाटलं. "मृण्मयी, मी नसतो तर तो सिनेमा डब्यात गेला असता," ते म्हणाले. "जो पूर्ण करतो, त्याचा सिनेमा असतो. तू अजून लहान आहेस." करारात तशी सोय करून ठेवणारी एक ओळ होती. तिनं ती वाचली नव्हती.

"काकू, त्यांना खरंच तसं वाटतं," ती रत्नाबाईला म्हणाली. "ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं."

मी तेव्हा पेंडीच्या बादलीवर झाकण म्हणून पालथा पडलो होतो. सरांचं नाव खाली, पेंडीच्या वासात. तिनं मला पाहिलं नाही, आणि रत्नाबाईनं दाखवलं नाही.

आठ वर्षं मी झाकण होतो. मध्ये एकदा गव्हाणीची फळी डुगडुगत होती तेव्हा तिच्याखाली पाचर म्हणूनही राहिलो. गाईनं मला चाटलं, कोंबडीनं माझ्यावर शिट केली, बिजागरी गंजली. घरातल्या टीव्हीचा आवाज गोठ्यात यायचा. गणपतीला, दिवाळीला "फॅट साडेतीन" लागायचा आणि आधी सरांची मुलाखत असायची. कोळवणच्या मातीत मला ही गोष्ट सापडली, असं ते सांगायचे. गाय तेव्हा रवंथ करत असायची. मी मनातल्या मनात पट्टी आपटत असायचो.

त्या यशावर सरांना आणखी चार प्रेमकथा मिळाल्या. चारही पडल्या. देखणे नट होते, परदेशातली गाणी होती, पण हसू येत नव्हतं. मग वाहिन्यांनीही त्यांना मालिका देणं थांबवलं. इकडं मृण्मयी मालिकांमध्ये परत गेली होती. एक संपली की दुसरी, रोजची बावीस मिनिटं. डावा पाय थोडा ओढत चालायची. सेटवर तिला आता सगळे घाबरत. ती ओरडायची नाही. फक्त "परत" म्हणायची.

आणि मग तिला सिनेमा मिळाला. "बांधाला बांध" त्याचं नाव. शेजारशेजारच्या दोन शेतांतली भांडणारी घरं, आणि त्यांच्यातल्या मुलामुलीचं लग्न. गोष्टीत एक काका आहे. सायली या अनाथ पुतणीच्या शेताचा बांध वर्षानुवर्षं कोरत कोरत त्यानं तिचं रान आपल्यात घेतलेलं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो चिखलात उभा राहून कबूल करतो.

जागा बघायला ती कोळवणला आली, तेव्हा रत्नाबाईनं मला गोठ्यातून बाहेर आणलं आणि पदरानं पुसून तिच्या हातात दिलं.

"तुजं हाय. इतकी वर्सं दिलं न्हाई. तुला तरास झाला आसता."

मृण्मयीनं मला उलटसुलट करून पाहिलं. पॉलिशपेपर मागवला आणि पडवीत बसून मला घासायला लागली. आधी सरांचं नाव गेलं. मग काळा हात गेला. आणि खाली, पत्र्याच्या ओरखड्यांमधून, नरहरीच्या हातची अक्षरं अर्धीमुर्धी दिसायला लागली. तिनं ती पुन्हा रंगवली नाहीत. तशीच ठेवली.

"काकू, काकाचं काम मी दिग्विजय सरांना देणार आहे," ती म्हणाली.

"याड लागलं का गं तुला?"

"नाही. आता शहाणी झालेय."

रत्नाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. मला मात्र कळलं होतं. ट्रंकेची ती गंजकी बिजागरी आनंदानं करकरली म्हणा ना.

सरांना दोन वर्षं काम नव्हतं. ते लगेच आले. केस रुपेरी झाले होते, अत्तर तेच होतं. साठ माणसांच्या युनिटसमोर त्यांनी मृण्मयीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही माझी शिष्या," ते म्हणाले. "हिचं मन मोठं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या वेळी मृण्मयीची सहायक जुईली हिच्या हातात होतो. हुशार मुलगी, मन लावून काम करणारी. सरांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलं नाही.

सीन चौसष्ट. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, नुकतीच झालेली, खाचरात घोटाभर पाणी, खाली गुडघ्यापर्यंत चिखल. वाक्यं तीनच होती: "सायली, बांध मीच कोरला. ते तुझं होतं. मी घेतलं."

पहिला टेक सरांनी चांगला दिला. चौथा तर इतका चांगला की सेटवरच्या एका बाईनं डोळे पुसले.

"परत," मृण्मयी म्हणाली.

सातवा. "परत." अकरावा. "परत." जुईली प्रत्येक वेळी चिखलात उतरायची, माझ्यावरचा आकडा पुसून नवा लिहायची आणि मला आपटायची. मित्रांनो, मी लपवत नाही, प्रत्येक आकड्याला माझा आवाज मोठा होत होता.

चौदाव्या टेकला सरांनी विचारलं, "काय चुकतंय ते तरी सांग ना."

"खोटं वाटतंय सर."

"मी तीस वर्षं या धंद्यात आहे."

"माहीत आहे. परत."

सतराव्याला जुईली तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, चौथा टेक ओके होता. सगळ्यांना माहितीय."

"क्लॅप दे, जुईली."

एकोणिसाव्याला सरांचे ओठ निळसर पडले होते. बांधावरून रत्नाबाई ओरडली, "आगं, म्हातारा हाय त्यो! बास की आता!" मृण्मयीनं मान वळवली नाही. विसाव्याला सर चिखलात गुडघ्यावर आले, स्वतःच उठले. हट्टी माणूस. काम सोडून गेले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. एकविसाव्याला माझी बिजागरी तडकली. बाविसाव्या टेकला त्यांच्या आवाजात अभिनय उरलाच नव्हता, फक्त थकवा होता.

तेविसाव्याला त्यांनी आधी हाताचा चिखल पुसला. कॅमेरा चालू होता. समोर सायलीचं काम करणारी नटी उभी होती, पण ते तिच्याकडं बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या बाजूला, मॉनिटरमागं बसलेल्या बाईकडं बघत होते.

"मृण्मयी," ते म्हणाले. "ते तुझं होतं. मी घेतलं."

साठ माणसं हललीसुद्धा नाहीत. पाण्यात बेडूक ओरडत होता, त्याचाही आवाज साउंडवाल्यानं पकडला असेल. मृण्मयी कट म्हणेना. माझ्या मनात आलं, आता ही रडेल. धावत जाईल आणि म्हाताऱ्याला हात देऊन बाहेर काढेल. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं की तिनं जावं.

"कट," ती म्हणाली. "नाव चुकलं. परत."

चोविसावा टेक झाला. त्यात ते बरोबर "सायली" म्हणाले. तो ओके झाला. जुईलीनं सरांना टॉवेल दिला, चहा दिला. मृण्मयी पाय ओढत बांधावरून रत्नाबाईकडं गेली. मी तिच्या काखेत होतो.

"झालं का समाधान?" रत्नाबाईनं विचारलं. आवाजात माया नव्हती.

"अजून नाही."

प्रेमकथांच्या विनोदी सिनेमांत शेवटी नावं जात असताना शूटिंगमधल्या गमतीच्या चुका दाखवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. नट संवाद विसरतो, कुणी पडतं, सगळे हसतात. "बांधाला बांध"लाही तशा चुका लावायचं ठरलं. भुकूमच्या तिच्या घरात एका खोलीत संकलन चाललं होतं आणि मी टेबलावर कागदांवर ठेवलेला होतो. तिनं तेविसावा टेक काढला आणि सगळ्यात शेवटी लावला.

"मॅडम, हे बरोबर नाही," जुईली म्हणाली. "त्यांना विचारा तरी."

"त्यांनी मला विचारलं होतं?"

"मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. तुमच्याबद्दल बोलतेय."

मृण्मयीनं तो टेक काढला नाही. जुईलीनं त्या सिनेमाचं काम पुरं केलं आणि मग दुसरीकडं गेली. जाताना म्हणाली, "मी तुमच्याकडून खूप शिकले. पण हे मला शिकायचं नाही."

पहिल्या खेळाला रत्नाबाई नऊवारी नेसून आली होती आणि मी मृण्मयीच्या कापडी पिशवीतून डोकावत होतो. दुसऱ्या रांगेत सर, नवीन जॅकेट घालून. सिनेमाभर लोक हसले. काकाच्या सीनला रडले, आणि सरांच्या पाठीवर मागच्या लोकांनी हात ठेवले. मग नावं सुरू झाली, चुका सुरू झाल्या. आणि पडद्यावर मी आलो. आम्हा क्लॅपना प्रत्येक शॉटमधून कापून टाकतात. हजारो वेळा कॅमेऱ्यासमोर उभं राहूनही आम्ही कुठल्याच सिनेमात नसतो. त्या दिवशी मी होतो, भिंतीएवढा. सीन चौसष्ट, टेक तेवीस, आणि ओरखड्यांमधलं तिचं नाव.

"मृण्मयी. ते तुझं होतं. मी घेतलं."

"कट. नाव चुकलं. परत."

काही लोक हसले, कारण ते हसायच्याच तयारीत होते. मग पाचव्या रांगेतून "फॅट साडेतीन"चा जुना रंगभूषाकार उभा राहिला. त्याच्या शेजारचा लाइटवाला उभा राहिला. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते उभे राहिले आणि सरांकडं बघत राहिले. हसणारे गप्प झाले. सर उठले, पुन्हा बसले, आणि दिवे लागायच्या आत निघून गेले.

त्यानंतर ज्यांनी आठ वर्षं तोंड उघडलं नव्हतं, ते बोलायला लागले. कॅमेरामन बोलला. दवाखान्यात तिला भेटून आलेली नटी बोलली. माझा आधीचा, खरवडण्यापूर्वीचा फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये निघाला. शेवटी दयानंदनं मृण्मयीला बोलावलं आणि म्हणाला की जुन्या सिनेमावर आता फक्त तिचं नाव टाकू, सरांचं काढून टाकू.

"नाही," ती म्हणाली. "शेवटचे सात दिवस त्यांनी घेतले. तेवढं लिहा. सात म्हणजे सात."

आता "फॅट साडेतीन" लागला की तसंच दिसतं. आधी तिचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत, सात दिवसांचं श्रेय दिग्विजय सरनोबत यांना. लोक ती ओळ वाचतात आणि एकमेकांना कारण सांगतात. नाव पुरतं काढलं असतं तर सर बरे सुटले असते.

सरांनी एकदाच फोन केला. रविवारची सकाळ होती.

"तू तो टेक ठेवायला नको होतास, मृण्मयी," ते म्हणाले. "मी त्या चिखलात उभं राहून खरं बोललो होतो."

"म्हणूनच ठेवला, सर. त्याआधीचे बावीस खोटे होते."

पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला. मृण्मयी खिडकीत जाऊन उभी राहिली. तिला बरं वाटत होतं की नाही, ते मला कळलं नाही. मला वाटत होतं.

मित्रांनो, मी आता भिंतीवर टांगलेला आहे. बिजागरी तुटल्यामुळं माझ्याकडून काम होत नाही. नरहरी आता राहिला नाही आणि ट्रंकेची तसली बिजागरी मिळत नाही. क्षमा कशी करावी हे माझ्याकडून शिकायला येऊ नका, मला ते येत नाही. जुईलीला विचारा, तिला बहुधा येतं. मी लाकडाची एक साधी वस्तू आहे आणि माझं मागणंही साधं आहे. आम्हाला ओलीत टाकू नका, वर्षातून एकदा तेल द्या. आणि कधी तुमच्या हातात रंगाचा ब्रश आला, कशावर तरी आपलं नाव लिहायची वेळ आली, तर आधी तिथं बोट फिरवून बघा. खाली अक्षरं लागली, तर थांबा, आणि ती कुणाची आहेत ते विचारून या.